पूल आणि क्षमा

बोस्नियातील मोस्तार हे नेरेत्वा नदीकाठचे शहर. ‘मोस्तारी’ म्हणजे पुलाचे राखणदार. त्यांच्यावरूनच शहराला नाव मिळाले. तेथील एका कमानीचा दगडी पूल उस्मानी राजवटीत १५६६ साली पूर्ण झाला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी, यादवी युद्धात, तोफांच्या माऱ्याने तो नदीत कोसळला. तोफा डागणारे बोस्नियन क्रोएट सैन्य बहुतांशी आपल्याच कॅथलिक समाजातले होते. हे सांगताना जीभ अडखळते. पण सांगितलेच पाहिजे.

२३ जुलै २००४ रोजी तोच पूल, त्याच जातीच्या दगडात नव्याने बांधून, खुला झाला. आज पर्यटक त्यावरून चालतात, तरुण त्यावरून नदीत उड्या घेतात. पुलाजवळच्या एका दगडावर मात्र ‘९३ विसरू नका’ अशा अर्थाची अक्षरे आहेत.

विसरायचे नाही, तर क्षमा कशी करायची? पण क्षमा म्हणजे विस्मरण नव्हे. जो विसरला, त्याच्यापाशी क्षमा करण्याजोगे काही उरतच नाही. प्रायश्चित्त संस्कारातही पाप आधी शब्दांत उच्चारावे लागते. मगच क्षमेचे शब्द कानी पडतात.

‘झाले गेले गंगेला मिळाले’ असे म्हणून आपण घरातली, भावकीतली भांडणे मिटवतो. परंतु तसे म्हणण्याचा अधिकार घाव सोसणाऱ्याचा आहे, घालणाऱ्याचा नव्हे. घाव घालणाऱ्याने ‘हे मी केले’ एवढेच म्हणावे आणि उत्तराची वाट पाहावी. उत्तर उशिरा आले, तरी ती वाट सोडू नये.