कबुली, तपासणी आणि नोंदवही

समाजाने लैंगिकता दडपली, तिच्याविषयी बोलूच दिले नाही, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु मिशेल फूको या फ्रेंच विचारवंताने १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लैंगिकतेचा इतिहास’ या ग्रंथाच्या पहिल्या खंडात नेमकी तीच प्रश्नांकित केली. पापनिवेदनाची, म्हणजे धर्मगुरूपुढे एकांतात आपली पापे उघड करण्याची, चर्चमधील जुनी रीत आधुनिक युरोपात वैद्यक, मानसोपचार आणि न्यायालये यांनी आपलीशी केली, आणि त्यामुळे माणसाला गप्प बसवण्यापेक्षा बोलते करण्यावरच सत्तेचा भर राहिला, असे त्याचे प्रतिपादन आहे. सत्ता केवळ मनाई करत नाही, तर माणसांचे वर्ग पाडून त्या वर्गांविषयीचे ‘सत्य’ही घडवते, हे त्यातील मुख्य सूत्र होय.

या सूत्राचा पडताळा भारतात मिळतो तो १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागात. वायव्य प्रांतासारख्या उत्तरेकडील मुलखांत हिजड्यांवर रोख धरून केलेल्या या भागात ‘षंढ’ कोणास म्हणावे याची व्याख्या दिली आहे: जो पुरुष आपण नपुंसक असल्याचे स्वतः कबूल करतो, किंवा वैद्यकीय तपासणीत जो तसा स्पष्टपणे आढळतो, तो. कबुली आणि तपासणी ही ज्ञान मिळवण्याची दोन्ही साधने कायद्याच्या एकाच वाक्यात शेजारी-शेजारी बसली आहेत, आणि त्यांतून निघालेले ज्ञान थेट सरकारी नोंदवहीत जाते. मुले पळवणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ खालील गुन्हा करणे, यांचा वाजवी संशय नोंदणीस पुरेसा होता. नोंद झालेल्या व्यक्तीने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे वा सार्वजनिक ठिकाणी नाचणे हाही मग गुन्हा ठरे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. त्याहून खोल घाव मात्र दुसऱ्या तरतुदीने घातला: अशा व्यक्तीला दत्तक घेता येत नसे, दान देता येत नसे, मृत्युपत्रही करता येत नसे. हिजड्यांतील गुरूकडून चेल्याकडे जाणारी परंपरा, त्यांच्या आराध्य बहुचरा मातेची भक्ती, बधाईचा, म्हणजे मंगलप्रसंगी आशीर्वाद देऊन बक्षिसी घेण्याचा हक्क, यांतले काहीच त्या नोंदवहीत मावणारे नव्हते. तिला फक्त शरीराची स्थिती हवी होती.

फूकोच्या ग्रंथात वसाहती जवळजवळ अनुपस्थित आहेत, हा मानववंशशास्त्रज्ञ ॲन लॉरा स्टोलर यांचा १९९५ मधील आक्षेप येथे रास्त ठरतो. भारतासारख्या समाजांकडे त्याने कामकलेची, म्हणजे अनुभवातून गुरुमुखाने मिळणाऱ्या ज्ञानाची परंपरा सोपवली, तीही काहीशी घाईनेच. कारण वात्स्यायनाचे कामसूत्र मुळात शास्त्र आहे आणि वर्गीकरणाचा सोस त्यालाही कमी नाही. फरक एवढाच की त्या वर्गीकरणामागे पोलीस ठाणे नव्हते.

ओळख कोणी ठरवायची हा प्रश्न स्वतंत्र भारतातही उरला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पण २०१९ मध्ये संमत झालेल्या तृतीयपंथीयांविषयीच्या कायद्याने त्या ओळखीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र, आणि शस्त्रक्रियेनंतर स्त्री वा पुरुष अशी नोंद हवी असल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, या अटी घातल्या.