शैवाळ, सोवळे आणि पाण्याची शुद्धी

पाणी शुद्ध कशाने ठरते, या प्रश्नाला परंपरा सोवळ्यात उत्तर शोधते, तर निसर्ग प्रकाश आणि पोषकद्रव्यांत.

शैवाळ उन्हावर वाढते. नत्र व स्फुरद हे त्याचे अन्न. म्हणून रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील कशेळ्यासारख्या गावात पाणी साठवताना टाकी अपारदर्शक असावी आणि झाकण घट्ट बसावे. पागोळ्यांचे पाणी साठवायचे तर पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडावे, म्हणजे छपरावरची माती आणि पालापाचोळा आत जात नाही. टाकी ठरावीक काळाने रिकामी करून तळ व भिंती घासाव्यात. उघड्या तळ्यात निर्माल्य टाकल्यास ते कुजते आणि शैवाळाचे खत बनते.

रायगड जिल्ह्यातच, महाडच्या चवदार तळ्यावर, पाणी शुद्ध कशाने ठरते हा प्रश्न इतिहासात उभा राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले. अस्पृश्य मानलेल्यांच्या स्पर्शाने तळे बाटले असे ठरवून सनातन्यांनी दूध, दही, शेण आणि गोमूत्राच्या १०८ घागरी त्यात ओतल्या. माणसाच्या ओंजळीने पाण्याचा एकही गुण बदलला नव्हता; शेण-दुधाने मात्र शैवाळाला लागणारी द्रव्येच पाण्यात जातात.

यावरून शुद्धीचा खरा अर्थ स्पष्ट होतो. ती स्पर्श टाळून मिळत नाही. निगा राखून मिळते. पाणी स्वच्छ ठेवणे आणि ते सर्वांना मोकळे ठेवणे ही एकाच धर्माची दोन अंगे आहेत.