मागच्या बाकावरचा नातू

गेल्या डिसेंबरात डब्लिनहून आमच्या लेकीचा फोन आला. सात वर्षांच्या नातवाला शाळेतील नाताळच्या नाटुकलीत मेंढपाळाची भूमिका मिळाली होती. डोक्याला स्वयंपाकघरातले फडके बांधून त्याने फोनच्या पडद्यावर आम्हा आजी-आजोबांना दर्शन दिले. आम्ही हरखून गेलो. तेवढ्यात लेक म्हणाली, “पप्पा, एक सांगायचे आहे. मे महिन्यात त्याचा वर्ग प्रथम कम्युनियन घेईल. तो घेणार नाही.”

लेक आणि जावई श्रद्धावान नाहीत. नातवाचा स्नानसंस्कारही झालेला नाही. ज्या घरात संध्याकाळची रोझरी चुकत नाही, त्या घरात हे शल्य किती खोल जाते, हे वाचकांना सांगायला नको. मी रागाने म्हणालो, “मेंढपाळ झालेला चालतो, मग कम्युनियन का नको? चार मुलांसारखे त्यालाही करू द्या.” ती शांतपणे म्हणाली, “नाटकात तो खरा मेंढपाळ नाही, हे साऱ्यांना ठाऊक असते. वेदीपुढे तो ‘आमेन’ म्हणेल, ते मात्र खरे समजले जाईल.”

या उत्तराने मला विचारात टाकले.

आयर्लंडमध्ये दर दहा प्राथमिक शाळांपैकी जवळजवळ नऊ शाळा कॅथलिक ख्रिस्तसभेच्या आश्रयाखाली आहेत. शिक्षकांचे वेतन शासन देते. २०२२ च्या जनगणनेत ६९ टक्के लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटले, तर १४ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याची नोंद केली. जागा कमी असल्यास पूर्वी स्नानसंस्कार झालेल्या मुलांना प्रवेशात अग्रक्रम देता येत असे. त्यामुळे केवळ प्रवेशासाठी बाळाला चर्चमध्ये नेणारे आईबापही होते. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांचा हा अग्रक्रम संपविला. १९७८ साली डब्लिनजवळ पालकांनी सर्व धर्मांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली. तशा शाळा आज अनेक आहेत, पण प्रत्येक वस्तीत नाहीत.

धर्मशिक्षणाला न बसण्याचा हक्क तिथल्या १९३७ च्या राज्यघटनेतच आहे. परंतु हक्क असणे वेगळे आणि सात वर्षांच्या मुलाने तो बजावणे वेगळे. कम्युनियनची तयारी शाळेच्या वेळेत, त्याच वर्गात चालते. मित्र गाणी शिकत असताना आमचा नातू मागच्या बाकावर चित्रे रंगवीत बसे. कुणी त्याला हिणवले नाही, पण आपण वेगळे आहोत हे त्याला रोज कळत होते.

मी स्वतः तीस वर्षे कॅथलिक शाळेत शिकविले. आमच्याकडे धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथलिक मुले एका वर्गात जात आणि इतर मुले दुसऱ्या वर्गात नीतिशिक्षणाला बसत. पालकांच्या संमतीवाचून शासनमान्य वा अनुदानित शाळेने मुलावर धर्मशिक्षणाची सक्ती करू नये, असे आपल्या राज्यघटनेचा २८ वा अनुच्छेद सांगतो. ही व्यवस्था मला कधीही ख्रिस्तसभेचा पराभव वाटली नाही. नाताळच्या गोठ्यासाठी हिंदू मुले हौसेने गवत आणीत. त्यांच्याकडून श्रद्धेची कबुली कुणी मागत नसे. मग दुसऱ्यांच्या मुलांना मी जे स्वातंत्र्य सहज दिले, ते स्वतःच्या नातवाला देताना माझा हात का आखडावा?

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्र जाहीर केले. पालकांच्या धर्मविचारांशी न जुळणारे पाठ घेण्यास मुलांना भाग पाडणे, हा पालकांच्या हक्काचा भंग होय, असे त्यात म्हटले आहे. आपण इथे अल्पसंख्य आहोत, म्हणून हे तत्त्व आपल्याला गोड वाटते. जिथे आपण बहुसंख्य आहोत, तिथेही ते तितकेच खरे असले पाहिजे.

कुणी म्हणेल, बालवयात संस्कार केले नाहीत तर श्रद्धा रुजणार कशी? प्रश्न रास्त आहे. परंतु मी लेकीकडे मागत होतो ती श्रद्धा नव्हतीच. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीपोटी मी एक विधी मागत होतो. मनात नसलेले बोलण्याची जागा म्हणजे चर्च, एवढेच त्यातून पोर शिकले असते.

लेकीला मात्र मी एक विनंती केली. “न मानण्याचे स्वातंत्र्य तू घेतलेस, तसे मानण्याचे स्वातंत्र्य त्याच्यासाठी ठेव. उद्या त्याने प्रार्थनेविषयी विचारले, तर हसू नकोस.” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ते मला जड जाईल, पप्पा. पण कबूल.”

मे महिन्यात त्याच्या मित्रांनी कम्युनियन घेतले. नातू त्यांच्या मेजवानीला जाऊन आला आणि रात्री त्याने मला विचारले, “आजोबा, तुम्ही पहिल्यांदा घेतलेत तेव्हा तुम्हाला काय वाटले?” मी खरे तेच सांगितले. नवे बूट चावत होते, मी घाबरलो होतो, आणि घरी परतताना फार हलके वाटले होते. त्याने पुढे काही विचारले नाही आणि मीही काही शिकविले नाही. त्याच्या आजीच्या रोझरीत मात्र त्याचे नाव रोज असते.