आधी मध्ये उभे केले

हात वाळलेल्या माणसाला प्रभू येशूने आधी सभास्थानात सर्वांमध्ये उभे केले; बरे केले ते नंतर. रुग्णालयात अपंग माणूस आपल्याला खाटेवर दिसतो, कामावर क्वचितच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखल्या. सेवेत अपंगत्व आले तर सरकारी कर्मचाऱ्याला त्यासाठी काढता येत नाही. पण झाडलोट, पहारा ठेकेदाराकडे असतो. तिथे हात गेला की बहुधा कामही जाते. समान संधी धोरण मात्र खाजगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. ते संकेतस्थळावर, नाहीतर दर्शनी जागी लावायचे असते. यवतमाळ जिल्ह्यातील रुग्णालयांत आपल्यापैकी जे कामाला आहेत, त्यांनी ते शोधावे. सापडले नाही तर मिस्सानंतर भेटावे. अर्ज आपण मिळून लिहू.