रुसलेल्या त्र्यंबोलीकडं कुणी जायचं?

देवी सर्वज्ञ असते, मग ती बोलावणं धाडायला विसरेल कशी? नवरात्रात पंचमी जवळ आली की कोल्हापुरात कुणी ना कुणी हा प्रश्न काढतंच. मी ज्या पतसंस्थेत काम करते तिथं कॅशला बसणारे एक गृहस्थ दरवर्षी न चुकता काढतात. ते उपास करत नाहीत, अनवाणी चालत नाहीत. कुठल्या माळेला कुठल्या रंगाची साडी नेसायची हे वर्तमानपत्रांनी लावून दिलेलं खूळ आहे, असंही आम्हा बायकांना ऐकवतात. खूळ आहेच. पण त्या निमित्तानं कपाटातल्या जुन्या साड्यांना हवा लागते, म्हणून आम्ही ते चालू ठेवलंय. त्यांचा पहिला प्रश्न मात्र असा हसून सोडून देता येत नाही.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी कथा थोडक्यात सांगते. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. मरताना त्यानं मागणं मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहू दे, आणि दरवर्षी माझ्या नावानं कोहळा फोडला जाऊ दे. देवीनं दोन्ही मान्य केलं. आमच्या गावाला नाव आहे ते तिच्या वैऱ्याचं, आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही. पुढं कामाक्ष नावाच्या दैत्यानं योगदंडाच्या जोरावर देवांची शेळ्यामेंढरं करून टाकली. त्यांना सोडवलं त्र्यंबोली देवीनं, कामाक्षाला मारून. मग विजयाचा सोहळा झाला, सगळे जमले, आणि जिच्यामुळं तो दिवस दिसला तिलाच बोलवायचं राहून गेलं. त्र्यंबोली उठली आणि गावाबाहेर पूर्वेच्या टेकडीवर शहराकडं पाठ करून बसली. चूक ध्यानात आल्यावर अंबाबाई लवाजमा घेऊन स्वतः तिची समजूत काढायला गेली. आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललितापंचमीला, अंबाबाईची पालखी अजून टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर जाते. दोघींची भेट होते, कुमारिकेच्या हातून कोहळा फोडला जातो आणि त्याची एखादी फोड हाती लागावी म्हणून माणसं एकमेकांवर पडतात.

शास्त्र जाणणारे म्हणतात, ही देवीची लीला, ती खरी विसरलीच नव्हती. आमचे कॅशियर म्हणतात, सगळीच भाकडकथा. मला दोन्ही उत्तरं एकाच कारणानं पटत नाहीत, दोन्हीत ते विसरणं पुसून टाकलंय. मला पटलं ते आमच्या आत्तींचं. सासूबाईंना आम्ही सगळ्या आत्ती म्हणायचो. त्या लिहायला सहीपुरतं शिकलेल्या. माझ्या मुलीनं एकदा त्यांना हाच प्रश्न विचारला, तेव्हा हातातलं निवडणं न थांबवता म्हणाल्या, "घरात कार्य असलं की कोण ना कोण राहतंयच की. देवीचं घर काय निराळं असतंय?"

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. देव म्हणजे ज्याच्या हातून कधीच काही चुकत नाही तो, असं आपण शाळेतल्या प्रार्थनेपासून धरून चालतो. आत्तींचा देव तसा नव्हता. त्याच्या घरी कार्यं होती, धांदल होती, मानपान होते. आता चुकत नाही म्हणून तो देव, की चुकल्यावर टेकडी चढून जातो म्हणून? मला विचाराल तर दुसरा देव जास्त विश्वासाचा. पहिल्याशी माझ्यासारख्या नोकरी-संसार करणाऱ्या बाईचं बोलणंच होऊ शकत नाही.

आश्विन महिना आमच्याकडं देवळात सुरू होत नाही, तो धुण्यानं सुरू होतो. गणपती गेले की 'दसरा काढायचा' असतो. घर वरपासून खालपर्यंत झाडायचं, माळ्यावरची भांडी खाली घ्यायची, चिंचेनं घासायची आणि घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं. आमचं घर उत्तरेश्वर पेठेत. माझं लग्न झालं त्या काळात गंगावेशीतून पंचगंगेच्या घाटाकडं जाणारा रस्ता या दिवसांत बोचक्यांनी भरलेला असायचा. सायकलवर बोचकी, हातगाडीवर बोचकी, बायकांच्या डोक्यावर बोचकी. पाऊस ओसरलेला, ऊन चटका देणारं, आणि घाटाच्या पायऱ्यांवर वाकळाच वाकळा वाळत घातलेल्या.

वाकळ काय असते हे आता मुलांना सांगावं लागतं. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून हातानं शिवलेलं जाड पांघरूण. कोरडी असतानाच जड, आणि भिजली की एकट्या बाईच्यानं उचलत नाही. पिळायला तर दोघी लागतातच. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं, आणि उलटसुलट पीळ घालत जायचं.

आमच्या घराचा मागचा सोपा चुलत्यांकडं गेलेला. वाटणीत तांब्याच्या एका बंबावरून आत्ती आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई, म्हणजे आमच्या काकी, यांच्यात बिनसलं होतं ते मी घरात येण्याच्या कितीतरी आधी. दोघी एका भिंतीच्या अलीकडं-पलीकडं राहायच्या आणि निरोप पोरांकरवी धाडायच्या. "तुझ्या आज्जीला सांग, पाणी आलंय." असं. पण दसरा काढायच्या दिवशी घाटावर आत्तींच्या वाकळेचं दुसरं टोक काकीच धरायच्या. आम्ही सुना तरण्याताठ्या होतो, पुढं व्हायचो, तरी आम्हाला बाजूला सारलं जायचं. तोंडातून शब्द नाही. एकीनं उजवीकडं पिळायचं, दुसरीनं डावीकडं, पाणी पायरीवरून खाली. मग काकींची वाकळ, आणि टोक धरायला आत्ती. संध्याकाळी कोपऱ्याला कोपरा लावून घड्या घालायच्या, त्याही दोघींनी. मग आपापल्या घरात.

त्यांची कायमची दिलजमाई कधी झाली नाही. एखाद्या वर्षी घडी घालताना बोलल्या की दिवाळीपर्यंत बोलत राहायच्या, संक्रांतीला कशावरून तरी परत बंद. पुढच्या वर्षी परत वाकळा.

कॅशियरांचा दुसरा प्रश्न इथं येतो. अंबाबाईनं एकदा समजूत काढली ना, मग दरवर्षी पालखी कशाला? मला तर हा कथेचा सगळ्यात खरा भाग वाटतो. पालखी दरवर्षी निघते, कारण एकदा मिटलं म्हणजे मिटलं असं घरात होत नाही. श्रद्धा म्हणजे 'सगळं चांगलं होईल' असा भरवसा, असं आपण म्हणतो. तसा भरवसा मला कधी वाटलेला नाही. मागच्या वर्षी गेलो होतो, यंदाही जायचं, तिनं तोंड वळवलं तर आनंद, नाही वळवलं तर पुढच्या वर्षी पंचमी आहेच, इतपत मला जमतं.

त्याच दिवसांत घरात घट बसलेला असतो. पत्रावळीवर शेतातली काळी माती, त्यात गहू, ज्वारी अशी धान्यं, मधे पाण्यानं भरलेला घट आणि वर रोजची माळ. मामंजी असेपर्यंत माती आणायचं काम त्यांचं. कुठलं धान कसं उगवलंय हे ते नवव्या दिवशी निरखून बघायचे, कारण पुढं रब्बीची पेरणी असायची. देव्हाऱ्याच्या अंधारात उगवलेले ते कोंब पिवळेधमक असतात. दसऱ्याला ते पुरुषांच्या टोपीत आणि बायकांच्या अंबाड्यात जातात. अष्टमीच्या रात्री अंबाबाई नगरप्रदक्षिणेला निघते, भवानी मंडपात तुळजाभवानीला भेटते, वाटेवर रांगोळ्या असतात. दसऱ्याला दसरा चौकात शमीपूजन होऊन सोनं लुटलं जातं. मग कोजागरी. तिला आम्ही गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध आणतो, आणि ते आटवताना कुणी ढवळायचं यावरून दरवर्षी भांडतो. या सगळ्याचं वर्णन करण्यात मी फार वेळ घालवत नाही, कारण ज्यांनी बघितलंय त्यांना ठाऊक आहे. हादग्याचं मात्र वाईट वाटतं. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या आणि डब्यातली खिरापत ओळखायला लावणाऱ्या मुली आमच्या बोळात आता दिसत नाहीत.

इथं कुणी म्हणेल, म्हणजे घरकाम हीच पूजा, संसार हाच परमार्थ. हे वाक्य मी कीर्तनात इतक्या वेळा ऐकलंय की आता ते आलं की मी सावध होते. ते सांगणाऱ्या बुवांपैकी कुणी वाकळेचं टोक धरायला आल्याचं मला आठवत नाही. जनाबाईचा दाखला हमखास येतो. पण ती कथा नीट ऐका. त्यात जनी दळता दळता विठ्ठलाचं नाव घेते एवढंच नाही, विठ्ठल स्वतः तिच्याबरोबर जात्याला हात लावतो. बुवा पहिला अर्धा भाग रंगवतात आणि दुसऱ्यावरून घाईनं पुढं जातात. पुंडलिकाचंही तेच. तो मुलगा होता, सून नव्हती. आईबापाची सेवा तो स्वतःच्या हातानं करत होता, म्हणून दारात आलेल्या देवाला विटेवर थांबावं लागलं. घरकामात देव असेल तर तो सगळ्यांच्या वाट्याला यायला हवा, फक्त बायकांच्या वाट्याला आलेला देव मला संशयास्पद वाटतो. आज पंचगंगेचं पाणी वाकळ धुवावी असं राहिलेलं नाही, आमच्या वाकळांची जागा ब्लँकेटनी घेतली आणि ती मशीनमध्ये जातात. माझ्या कंबरेला त्याचं बरं वाटतं. घाटावरची ती दोन टोकं गेली याचं वाईटही वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं.

आता मला जे खरं बोलायचंय ते. त्र्यंबोलीच्या कथेत टेकडी चढतं कोण? अंबाबाई. ती करवीरची स्वामिनी, मानानं थोरली, आणि विसरलेली तीच. म्हणून जाण्याचं काम तिचं. रुसलेली त्र्यंबोली खाली उतरून देवळात येत नाही, "मोठ्यांच्या पाया पड आणि मिटव" असं तिला कुणी सांगत नाही. आमच्या घराघरांत मात्र हे नेमकं उलटं चालतं. दुखावलेला असतो धाकटा, बहुतेक वेळा बाई, आणि समजुतीनं घ्यायचं त्यानंच. थोरल्यानं जायचं म्हटलं की त्याचा मान आड येतो. माझ्या मिस्टरांचं आणि धाकट्या दिरांचं दुकानावरून बिनसलं, दीर कळंब्याला राहायला गेले. दोघंही म्हणतात, "त्यानं यावं." फराळाचे डबे जाऊबाई आणि मी पोचवतो, आणि दोघं भाऊ एकमेकांच्या घरच्या चकल्या खातात, नावंही ठेवतात. "तुम्ही बायका बघा की," एवढं म्हटलं की पुरुषांची जबाबदारी संपते. पंचमीला टेंबलाईला जायला मात्र दोघंही सुट्टी काढतात.

आपलं थोडं खाली उतरवणं म्हणजे काय, तेही अंबाबाईच्या देवळापाशीच कळतं. दिवाळीच्या आगेमागे, 9, 10 आणि 11 नोव्हेंबरला, तिथं किरणोत्सव असतो. देवीचं तोंड पश्चिमेला. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी वर कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, अशी अपेक्षा. हवेत धूळ किंवा ढग असले की ती मधेच विरतात, आणि जमलेली माणसं "पुढच्या वेळी" म्हणत घरी जातात. जानेवारीअखेरीला परत तीन दिवस असतातच. बांधणाऱ्यांचं गणित चोख होतं. पण महाद्वार रोडच्या बाजूनं इमारती उठल्या, त्यांची टोकं किरणांच्या वाटेत आली, मग मोजमापं झाली, अडथळे काढायच्या नोटिसा निघाल्या. सूर्याची वाट मोकळी ठेवायला कुणाला तरी आपल्या गच्चीवरचं थोडं बांधकाम उतरवावं लागतं. ज्यांनी ते आपणहून उतरवलं त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत, आणि माझ्या मते त्या वर्षीची मोठी पूजा त्यांचीच.

माझ्या मिस्टरांना मी हे सगळं तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं लिहायला हरकत नाही. आणि वाचणाऱ्यांत जे थोरले असतील, ज्यांच्याकडून मागच्या एखाद्या कार्यात कुणाला बोलवायचं राहून गेलं असेल, त्यांनाही एवढंच सांगणं आहे. यंदा भाऊबीजेच्या आधी स्वतः जा. बायकोला पुढं घालू नका, आणि फोनवर भागवू नका.