मोकळ्या तारेचे बंधन

दापोलीजवळच्या बुरोंडीस अर्धगोलाकार पृथ्वीवर परशुरामाची जी भव्य मूर्ती उभी आहे, तिच्यामागील आख्यायिका कोकणातील मुलाबाळांस ठाऊक असते: सारी पृथ्वी दान करून टाकल्यावर स्वतःच्या वास्तव्यासाठी तसूभरही भूमी न उरलेल्या भार्गवरामाने सह्याद्रीवरून बाण सोडला आणि तो जेथे पडला तेथपर्यंत मागे हटण्याची समुद्रास आज्ञा केली. या कथेत नवी भूमी कोणी घडविलेली नाही. समुद्रास केवळ हद्द घालून दिली, आणि त्या हद्दीच्या अलीकडे जे उघडे पडले त्यालाच आपण आपला मुलूख म्हणतो. मर्यादा अशी प्रसवशील असू शकते, हा विचार मला फार मोलाचा वाटतो; कारण बंध आणि मोक्ष ही दोन पदे परस्परविरोधी मानण्याची आपणास इतकी सवय जडली आहे की, बंधनाचा निखळ अभाव म्हणजेच मुक्ती काय, हा प्रश्न विचारण्याचेच आपण सोडून दिले आहे.

तो प्रश्न माझ्यापुढे नव्याने उभा राहिला तो एका अर्वाचीन वाद्यामुळे. गणपतीस गावी येणाऱ्या चाकरमानी तरुणांच्या सामानात आता टाळ-मृदंगाबरोबर कधी कधी बेस गिटारही असते. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर याने आपले ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणले, आणि तेव्हापासून या वाद्याचा प्रसार जगभर झाला. त्याच्या चार जाड तारा घोडीपासून दांडीच्या माथ्यापर्यंत बहुधा ३४ इंच ताणलेल्या असतात, आणि त्यांतील सर्वांत खर्जाची तार मोकळी छेडली असता सेकंदास सुमारे ४१ आंदोलने करते. खुंट्यांच्या अलीकडे हाडाची, प्लास्टिकची किंवा क्वचित पितळेची एक अरुंद पट्टी बसविलेली असते व तिच्या चार खाचांतून चारही तारा पुढे जातात. वादक तिला नट म्हणतात. आपल्या वीणेवर हेच स्थान मेरूचे आहे.

तार वाजते ती दोन स्थिर बिंदूंच्या दरम्यान. त्यांपैकी एक नाहीसा केला तर उरतो तो धातूचा एक लोंबता तुकडा, ज्याला कोणताही निश्चित स्वर नाही. येथवर कोणीही सांगेल. परंतु मला विलक्षण वाटते ती गोष्ट याच्या पुढची आहे. वादकाने कोणत्याही पडद्यावर बोट दाबले की त्या क्षणापासून तार त्या पडद्यापासून घोडीपर्यंतच आंदोलित होते आणि नटचा अंमल संपतो. म्हणजे नटची हुकूमत चालते ती केवळ त्या तारेवर, जिला कोणाच्याही बोटाचा स्पर्श नाही, जिला आपण मोकळी म्हणतो. दाबलेल्या तारेचा नियंता डोळ्यांना दिसतो. मोकळ्या तारेचा नियंता माथ्याशी निमूट असतो, आणि म्हणून ती अनियंत्रित आहे असा आपला समज होतो. आपल्या आयुष्यातील ज्या ज्या कृती आपणास सर्वस्वी सहज आणि स्वाधीन वाटतात, मातृभाषेत सुचलेले वाक्य, आप्ताकडे आपसूक वळलेले पाऊल, त्या कोणत्या अदृश्य मेरूवर टेकलेल्या आहेत, हे आपण क्वचितच पाहतो.

वीणावादनात निपुण असलेल्या सोण नावाच्या भिक्षूस बुद्धाने विचारले होते की, तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा वाजते काय. आणि त्यावरून साधनेतील समतेचा उपदेश केला होता. हा दृष्टांत मध्यममार्गाचे उदाहरण म्हणून सर्वत्र सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. पण तो खुंटीचा दृष्टांत आहे. ताण किती असावा हे खुंटी ठरविते. तो ताण कोठून मोजावयाचा, हे ठरविणारी वस्तू निराळी आहे आणि तिचा विचार मला अधिक मूलगामी वाटतो.

मर्यादा सर्वत्र एकाच जातीची असते असेही नव्हे. बेस गिटारच्या नटमध्ये खाचेचा तळ खुंट्यांच्या दिशेस किंचित उतरता ठेवावा लागतो, म्हणजे तार पुढच्या काठावरूनच नेमकी सुटते. उतार उलटा झाला किंवा तळ रुंद व सपाट राहिला तर तार तेथे घासून झणझणते आणि तो दोष ठरतो. मिरजेच्या तंबोऱ्यात मात्र हीच झणझण दुसऱ्या टोकास, घोडीवर, मुद्दाम साधली जाते: घोडीचा माथा रुंद व हळुवार उतरता घासून, तार आणि घोडी यांच्या दरम्यान सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. पूर्वी शस्त्रांचे काम करणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात या विद्येकडे वळली, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन लाभले. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले की, ज्या बिंदूवर तार छेडली असता काही उपस्वर शास्त्राच्या नियमाने उमटूच नयेत, तेथेही ते वीणा व तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीच्या त्या रुंद माथ्यात आहे. एका वाद्याचा दोष तो दुसऱ्याचा प्राण. स्वधर्माचा विचार करताना आपण हे विसरतो, आणि एकाच्या घरची कडक सीमा दुसऱ्याच्या अंगणात नेऊन ठोकतो.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार सांगितले, आणि योग्यांचे ध्येय अनाहत आहे, ज्यास ना तार लागते ना मेरू. मग मुक्ती ही अखेर मर्यादेच्या पलीकडचीच नव्हे काय? शास्त्रदृष्ट्या या आक्षेपास माझ्याजवळ उत्तर नाही, आणि अद्वैत्याने तो घेतला तर तो त्याच्या जागी खरा आहे. परंतु वारकरी परंपरेने निराळी निवड केली आहे. तुकोबांनी मुक्तीपेक्षा संतसंगासाठी पुन्हा गर्भवास पत्करला. आणि सप्ताहात सात अहोरात्र खांद्यावरून खांद्यावर जाणारी वीणा, जिला भुईवर टेकू देत नाहीत, ती मोकळ्याच तारांनी वाजते, म्हणजे अखंड मेरूच्या सत्तेखाली असते. माझा कौल या निवडीच्या बाजूने आहे.

आता निगराणीविषयी. बेसच्या गुंडाळीदार तारा खाचेवर कानशीसारख्या चालतात, आणि बुरोंडीच्या खाऱ्या हवेत गंजल्या की अधिकच खरखरीत होतात. तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्या पडद्याच्या वर कागदाएवढी फट उरते की नाही ते पाहावे. फट मुळीच नसेल तर मोकळी तार पडद्यावर आपटून खडखडते, फार असेल तर पहिल्या पडद्याचे स्वर चढे लागतात. खाचेत शिसपेन्सिलीची पूड भरली असता तार अडकत नाही. या कामाने वाद्यास नवा असा एकही स्वर मिळत नाही. मीमांसकांनी नित्यकर्माविषयी हेच म्हटले होते: केल्याने फल नाही, न केल्याने प्रत्यवाय. यावर शंकराचार्यांनी हरकत घेतली की, न करणे हा अभाव आहे आणि अभावापासून भावरूप दोष कसा जन्मेल? नटकडे पाहता मला आचार्यांचा पक्ष पटतो. खाच झिजते ती आपल्या वादनाने, आजवर केलेल्या कर्माने. हयगयीमुळे ती झीज फक्त उघडकीस येते.

खाच थोडी खोल गेली असेल तर हाडाची पूड व चिकटद्रव्य भरून ती पुन्हा कोरता येते. पण तो भराव तारेखाली फार काळ टिकत नाही, आणि मग नवे हाड बसविणेच प्राप्त होते. याच दापोलीत शालेय शिक्षण झालेल्या महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहिताना कलिवर्ज्यांची सविस्तर चर्चा केली आहे: जी कर्मे पूर्वी शास्त्रविहित होती ती पुढे शास्त्रकारांनीच निषिद्ध ठरविली, आणि ज्या परंपरेस आपण अचल समजतो तिने स्वतःची मर्यादा अनेकदा बदलून घेतली. भराव घालावा की हाड बदलावे, याचा निर्णय खाचेकडे पाहून होत नाही. बोट पूर्णपणे उचलून, मोकळी तार छेडून, ती स्वच्छ बोलते की नाही हे ऐकावे लागते.