आधी ताळा, मग आलेख

कुंडलिका नदी रोह्याकडून येऊन जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्यात एक इंजिनिअर मुलगी राहत होती. किनाऱ्यावरच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं मॉडेल ती संगणकावर तयार करत होती. टाकीतले जिवाणू किती वाढतील, अमोनियाचं नायट्रेट किती होईल, त्याला प्राणवायू किती लागेल, हे सारं तिने त्यात मांडलं होतं. आधार घेतला होता १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या 'एएसएम १' या मॉडेलचा.

मॉडेल चाललं, पण त्यातला प्राणवायू टाकीत मोजलेल्यापेक्षा जरा कमी येत होता. तिने मॉडेलमधल्या, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरची क्षमता थोडी वाढवली. लगेच आलेख मोजमापांवर नेमका बसला.

"बाबा, जुळलं!" ती आनंदाने म्हणाली.

बाबांनी मच्छीमार सोसायटीचे हिशेब वर्षानुवर्षं लिहिले होते. त्यांनी विचारलं, "ताळा केलास का? नुसती शिल्लक जुळली म्हणून आम्ही वही कधी मिटली नाही. एकेक नोंद तपासायचो. दोन चुका एकमेकींना झाकतात, बाय."

मुलगी पुन्हा बसली. पदार्थ शून्यातून येत नाही आणि शून्यात जातही नाही. म्हणून मॉडेलमधल्या प्रत्येक क्रियेच्या ओळीतले आकडे एकाच मापात आणून त्यांची बेरीज केली, तर उत्तर शून्य यायलाच हवं. पहिल्या ओळी शून्यावर आल्या. अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंच्या ओळीत मात्र उत्तर आलं ०.७५.

तिने ती ओळ अक्षर अन् अक्षर वाचली. १४ ग्रॅम नायट्रोजनचं अमोनियातून नायट्रेट व्हायला ६४ ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे एका ग्रॅमला ४.५७. तिच्या हातून पडलं होतं ४.७५! संगणकाने तक्रार केली नव्हती. त्याच्या लेखी दोन्ही आकडेच.

तिने आकडा सुधारला. बेरीज शून्य आली. मग ब्लोअरची क्षमता मूळ आकड्यावर नेली, तरी आलेख जुळला.

चूक राहिली असती तर? सुट्टीत पर्यटक वाढून सांडपाण्यातला सेंद्रिय मळ वाढला असता, तेव्हा मॉडेल म्हणालं असतं, "हवा पुरेशी आहे." टाकीत मात्र प्राणवायू कमी पडला असता आणि अर्धवट शुद्ध झालेलं पाणी खाडीत गेलं असतं. त्याचा भोग मासळीला आणि कोळ्यांना.

अशी चूक मोठमोठ्यांकडूनही होते. संशोधकांनी सांडपाणी शुद्धीकरणाची नामवंत अशी सात प्रकाशित मॉडेलं याच रीतीने तपासली आणि २०१० साली निष्कर्ष मांडले. छापील मॉडेलांतही टंकलेखनाच्या चुका आणि विसंगती निघाल्या.

तात्पर्य : उत्तर जुळलं म्हणजे हिशेब बरोबर असतोच असं नाही. आधी चूक शोधावी, मग आकडे जुळवावेत. जुळवाजुळव आधी केली तर चूक तिच्याआड लपून बसते.